संगणक बंद पडणे व सुरू न होणे : दोषनिदान

चालू संगणक अचानक बंद पडणे किंवा बटण दाबूनही सुरू न होणे, या बिघाडांचे कारण क्रमाने शोधण्याची पद्धत. ग्रामीण विदर्भातील ग्रामपंचायती, शाळा, सेवा केंद्रे व झेरॉक्सची दुकाने येथील डेस्कटॉप संगणक येथे अभिप्रेत आहेत.

निळा पडदा येऊन यंत्र थांबले, तर दोष बहुधा रॅम (तात्पुरती स्मृती), डिस्क किंवा ड्रायव्हरमध्ये (यंत्रभाग चालवणाऱ्या आज्ञावलीत) असतो. काहीही न दाखवता एकदम बंद पडले, तर वीज किंवा उष्णता यांचा संशय आधी घ्यावा. प्रत्यक्षात दुरुस्ती अनेकदा विंडोज नव्याने टाकण्यापासून सुरू होते. बटणाला दादच न देणाऱ्या यंत्रावर त्याचा काहीही उपयोग नाही.

वीजपुरवठा : घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. रब्बीत कृषिपंप सुरू झाले की सामायिक रोहित्रावरील दाब बराच उतरतो. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस (दाब सावरणारा, वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा संच) साधारणतः १४५ ते २९० व्होल्टपर्यंत सांभाळून घेतो. मात्र आतील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी थकली असेल, तर लाईन जाताच संगणकही जातो. न्यूट्रल तुटल्यास घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. त्यात एसएमपीएसचा (संगणकाच्या आतील वीजपुरवठा करणाऱ्या भागाचा) फ्यूज उडतो. फ्यूजची काच काळी पडली असल्यास आत शॉर्ट आहे असे समजावे, नुसता फ्यूज बदलून भागत नाही. संगणकाच्या डब्याला हात लावताच करंट मारत असेल, तर अर्थिंग तुटलेले आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे लागते.

एसएमपीएसची चाचणी : २४ पिनांचा जोड बोर्डापासून (मदरबोर्ड, म्हणजे मुख्य मंडलपट्टी) सोडवून हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेशी तारेच्या तुकड्याने जोडावी, पंखा फिरला पाहिजे. पंखा फिरणे पुरेसे नाही. मल्टिमीटरवर पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यावेत, शक्यतो भार असताना. जांभळ्या तारेवर संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट हवेत. एसएमपीएस उघडू नये : प्लग काढल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या घटकावर) सुमारे ३२५ व्होल्ट काही काळ टिकू शकतात.

भारनियमनाच्या गावांत एक लक्षण नेहमी चकवते. रात्रभर वीज नसली की सकाळी संगणक सुरू होत नाही आणि प्लग तासभर लावून ठेवल्यावर होतो. जांभळ्या तारेच्या मंडलातील जुने कपॅसिटर थंड असताना काम करीत नाहीत, थोडे तापल्यावर करतात. अशा वेळी बटणाला दोष दिला जातो. बदलायचा असतो एसएमपीएस.

फुगलेले कपॅसिटर : साधारणतः १९९९ ते २००७ या काळातील बोर्डांवर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर माथ्यावर फुगलेले किंवा तपकिरी द्रव गळालेले आढळतात. पाणीमिश्रित विद्युत-अपघटनी द्रवाची अ‍ॅल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू साचतो, हे कारण सर्वमान्य आहे. सदोष द्रव बाजारात आला कसा, यावर मात्र एकमत नाही. जपानी सूत्राची चोरून केलेली अपुरी नक्कल तैवानी उत्पादकांकडे पोहोचली, असा वृत्तांत २००२-०३ च्या सुमारास पसरला. निकामी नमुन्यांच्या रासायनिक तपासणीत स्थैर्य देणाऱ्या घटकांची उणीव दिसल्याने तो अंशतः संभाव्य वाटतो. चोरीचा भाग उघडपणे सिद्ध झालेला नाही. दुसरे मत साध्या उष्णतेला जबाबदार धरते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते, हा स्थूल नियम. त्यानुसार २५ ऐवजी ४५ अंशांच्या खोलीत ते चौथाईवर येते. अकोला-चंद्रपूरकडच्या जुन्या बोर्डांबाबत दोन्ही कारणे एकत्र धरणे अधिक योग्य दिसते. नवीन बोर्डांवर घन पॉलिमर कपॅसिटर असल्याने हा दोष विरळा.

रॅम व धूळ : पंखे फिरतात, पण पडदा काळा आणि बीप सलग वाजत राहते, तेव्हा रॅम काढून सोनेरी संपर्कपट्टी साफ करावी. खोडरबर सर्रास वापरले जाते. त्याने मुलामा झिजतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल बरे. कूलरसमोर ठेवलेल्या संगणकात हा दोष लवकर उद्भवतो : ओल्या हवेने संपर्क गंजतात. जिनिंगजवळच्या गावांत कापसाचा तंतू हीटसिंकमध्ये (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांत) नमद्यासारखा बसतो व प्रोसेसर तापून यंत्र बंद पडते. पंखा काढून तो तंतू ब्रशने उपसावा आणि प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. तरीही सुरू न झाल्यास बोर्ड, प्रोसेसर व एकच रॅम एवढेच ठेवून पाहावे. तारीख-वेळ वारंवार मागे जात असेल, तर सीआर २०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी बदलावी.

डिस्क : बायॉसला (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ आज्ञावलीला) डिस्क दिसत नसेल, तर प्रथम डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल बदलावी. डिस्क टकटक आवाज करीत असल्यास चेकडिस्क ही विंडोजमधील डिस्क-तपासणी चालवू नये. आधी नोंदी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात.