आज्ञा आणि योजना: ‘देवाची इच्छा’ म्हणताना होणारी गल्लत

“हे स्थळ देवाच्या इच्छेत आहे का, ते कळत नाही.” “नोकरी गेली, देवाची इच्छा.” “दार आपोआप उघडलं, म्हणजे देवाची इच्छाच होती.” ही वाक्यं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे, आणि एकेकाळी मीही ती बोलत होते. बोलणाऱ्याचा विश्वास खरा असतो. पण ‘देवाची इच्छा’ या शब्दांनी पवित्र शास्त्रात दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत, आणि त्या एकमेकींच्या जागी ठेवल्या की माणसं फार दुखावतात. म्हणून इथे एकीला आज्ञा म्हणते आणि दुसरीला योजना.

आज्ञा तुम्हाला ठाऊक आहे. दहा आज्ञा, देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती, मीखा ६:८ मधलं न्यायाने वागणं, दयेची आवड धरणं आणि नम्रतेने चालणं. प्रेषित पौल तर थेट ‘देवाची इच्छा’ असेच शब्द वापरतो: तुमचं पवित्रीकरण व्हावं (१ थेस्सलनीकाकरांस ४:३), सर्व स्थितीत उपकारस्तुती करावी (५:१८). यात शोधण्यासारखं काही नाही. सगळं लिहून ठेवलेलं आहे.

योजना म्हणजे देव जगाचा कारभार कसा चालवतो ते. एक चिमणीही त्याच्याशिवाय जमिनीवर पडत नाही. ही योजना आपल्याला आधी कळत नाही, आणि कधीकधी नंतरही कळत नाही. निर्दोष असूनही ज्याच्यावर संकटं कोसळली त्या ईयोबाच्या पुस्तकात ४२ अध्याय आहेत. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात जे बोलणं झालं ते वाचकाला कळतं, ईयोबाला शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. देव वादळातून त्याच्याशी बोलतो, पण ‘का’ याचं उत्तर देत नाही. अनुवाद २९:२९ मध्ये ही वाटणी स्पष्ट केली आहे: गुप्त गोष्टी देवाच्या स्वाधीन, प्रकट गोष्टी आपल्या आणि आपल्या मुलाबाळांच्या स्वाधीन, पाळण्यासाठी.

दोन्हींत फरक करायची सोपी कसोटी म्हणजे, माणूस ती मोडू शकतो का? आज्ञा आपण रोज मोडतो. योजना कोणालाच मोडता येत नाही. घडतं ते सगळं पहिल्या अर्थानेही देवाची इच्छाच असतं, तर येशूने “जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो” अशी प्रार्थना शिकवलीच नसती. पृथ्वीवर अजून तसं होत नाही, म्हणूनच ती मागणी आहे. देवाची ‘परिपूर्ण इच्छा’ आणि ‘परवानगीची इच्छा’ असे आणखी उपप्रकार पाडणारे लोक असतात, आणि मूळ ग्रीक शब्दांवरून भेद दाखवणारेही. रोजच्या जगण्यात त्याने फारसं काही बदलत नाही, आणि ग्रीकमध्ये एकच शब्द दोन्ही अर्थांनी येतो. ते सोडून देऊ.

खरी चूक होते ती घटना वाचून आज्ञा ठरवण्यात. दार उघडलं म्हणजे ‘जा’, बंद झालं म्हणजे ‘थांब’, मनाला शांती वाटली म्हणजे ‘हो’. ही पद्धत मला मुळीच मान्य नाही, आणि त्याचं कारण योना संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे. देवाने त्याला निनवेला जायला सांगितलं होतं. तो याफो बंदरावर गेला, तर तिथे नेमकं उलट दिशेच्या तार्शीशला निघालेलं जहाज उभं. भाडं द्यायला पैसेही होते. मग तो जहाजाच्या तळाशी गेला आणि गाढ झोपला. दार सताड उघडं आणि झोप येण्याइतकी शांती! साक्ष द्यायला उभा राहिला असता तर ऐकणाऱ्यांनी “आमेन” म्हटलं असतं. तरी तो देवापासून पळत होता. जहाज तिथे असणं योजनेतलं होतं. त्यावर चढणं म्हणजे आज्ञा मोडणं होतं.

दुसरी गोष्ट एन-गेदीच्या गुहेतली (१ शमुवेल २४). दाविदाच्या जिवावर उठलेला राजा शौल एकटाच त्या गुहेत येतो आणि आत दावीद लपलेला असतो. दाविदाची माणसं म्हणतात, परमेश्वराने सांगितलेला दिवस तो हाच, शत्रू तुझ्या हाती दिला आहे. असा योग पुन्हा येईल असं कोणाला वाटलं असतं? दावीद झग्याचा काठ तेवढा कापतो, आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खातं. परमेश्वराच्या अभिषिक्तावर, म्हणजे त्याने नेमलेल्या राजावर, हात टाकायचा नाही एवढं त्याला माहीत होतं, आणि समोर आलेली संधी कितीही सोपी असली तरी ते बदलत नव्हतं. दोन अध्यायांनंतर शौल झोपलेला असताना तशीच संधी पुन्हा येते. दावीद पुन्हा नाही म्हणतो.

आता येशूला अटक झाली त्या रात्रीच्या गेथशेमाने बागेत या. तिथे शांतीचा मागमूस नाही. घाम रक्ताच्या थेंबांसारखा गळतो आहे, असं लूक लिहितो. दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी चालू आहे. मनाची शांती हीच खूण धरली तर येशू त्या रात्री देवाच्या इच्छेबाहेर होता असं म्हणावं लागेल, आणि जहाजात झोपलेला योना इच्छेत होता असं. ज्या मापाने असा उलटा निकाल लागतो ते माप टाकून द्यायला हवं.

यावर लोक गिदोनाची लोकर पुढे करतात: त्याने रात्री लोकर पसरून दवाची खूण देवाकडे मागितली होती. शास्ते ६ नीट वाचा. लोकर पसरण्याआधीच देवाने त्याला पाठवलं होतं आणि विजयाचं वचन दिलं होतं. दुसऱ्यांदा खूण मागताना गिदोन स्वतःच “माझ्यावर कोप करू नकोस” अशी विनवणी करतो. देवाने त्याच्या दुबळेपणाला सांभाळून घेतलं. त्यावरून आपण निर्णय घेण्याची रीत बनवणं हे त्या गोष्टीशी प्रामाणिक नाही.

गल्लत उलट्या बाजूनेही होते, आणि ती जास्त क्रूर आहे. कोणी मारहाण करतो, कोणी फसवतो, आणि सोसणाऱ्याला सांगितलं जातं, “देवाची इच्छा, सहन करा.” योजनेचं नाव घेऊन आज्ञा मोडणाऱ्याला मोकळं सोडलं जातं. शास्त्र असं कधीही करत नाही. आपल्याला गुलाम म्हणून विकणाऱ्या भावांना योसेफ म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलंत, देवाने त्यातून चांगलं योजलं. ‘तुम्ही वाईट योजलंत’ हे तो गिळत नाही. पेंटेकॉस्टच्या दिवशी येशूचा शिष्य पेत्रही एका दमात दोन्ही सांगतो (प्रेषितांची कृत्ये २:२३): येशूला धरून देणं देवाच्या ठाम संकल्पाने झालं, आणि तुम्ही त्याला अधर्म्यांच्या हातून मारलंत. योजना होती म्हणून अपराध पुसला गेला नाही. ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायलाच सांगितलं गेलं. जे घडलं त्याला मान तुकवायची आणि गप्प बसायचं, याला दैववाद म्हणतात. देव आणि दैव यांत एका मात्रेचा फरक आहे, पण दैवाला आज्ञा नसते, न्यायाची चाड नसते, आणि त्याच्याकडे रडून काही मागता येत नाही.

मग स्थळाचं काय, नोकरीचं काय? जिथे आज्ञा दोन्ही वाटा मोकळ्या ठेवते, तिथे तुम्ही खरोखर मोकळे आहात. विधवेबद्दल पौल म्हणतो, तिची इच्छा असेल त्याच्याशी लग्न करायला ती मोकळी आहे, मात्र प्रभूमध्ये (१ करिंथकरांस ७:३९). तिची इच्छा! देवाने गुपचूप ठरवलेला एकच माणूस शोध, नाहीतर जन्म वाया, असं तो म्हणत नाही. प्रार्थना करा, बुद्धी मागा, वडीलधाऱ्यांना विचारा, स्वभाव आणि परिस्थिती पारखा. उघडी-बंद दारं इथे कामाला येतात, पण माहिती म्हणून. मग ठरवा आणि “प्रभूची इच्छा असेल तर” असं याकोबाच्या पत्रात आहे तसं म्हणून पुढे चला. चुकीच्या निवडीने देवाची योजना फसेल ही भीती कितीतरी तरुण मुलांना जखडून ठेवते. योजना तुमच्या हातून फसण्याइतकी नाजूक नाही.

भरवसा ठेवायचा तो याच योजनेवर, आणि न कळताच. यिर्मया २९:११ भिंतीवर टांगणाऱ्यांनी त्याच्या आधीचं वचनही वाचावं. “तुमच्या हिताचे संकल्प” हे शब्द बाबेलात बंदिवान असलेल्या लोकांना लिहिलेले आहेत, आणि त्याआधी सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. ते पत्र ऐकणाऱ्यांतले बरेच जण परतीचा दिवस पाहायला जिवंत राहणार नव्हते. तोवर काय करायचं तेही त्याच पत्रात आहे: घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, त्या शहरासाठी प्रार्थना करा.

पौलाला रोमला जायचं होतं. पुष्कळदा ठरवलं आणि अडथळा आला, असं तो रोमकरांना लिहितो. यहूदीयातल्या विरोधकांपासून सुटका व्हावी आणि देवाच्या इच्छेने आनंदाने तुमच्याकडे यावं, यासाठी प्रार्थना करायलाही सांगतो (१५:३१-३२). पुढे यरुशलेमेत त्याला अटक झाली आणि दोन वर्षं कैसरियात कैदेत गेली. मग २७६ माणसांचं जहाज मिलिता बेटाजवळ फुटलं. रोमला तो पोहोचला तो कैदी म्हणून, पहारेकरी शिपायासोबत. तिथे भाड्याच्या घरात दोन वर्षं राहिला, आणि येईल त्याला आत घेऊन देवाच्या राज्याविषयी सांगत राहिला.