पटाचा रिपोर्ट: लिंक पाठवायची की फाइल?

'सर, पटाचा रिपोर्ट टाकलाय, बघून घ्या.' आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पटाचा, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या संख्येचा, असा मेसेज आला की तो दोनपैकी एका प्रकारचा असतो. एक तर गुगल शीटची लिंक, नाहीतर त्याच शीटवरून डाउनलोड केलेली एक्सेल किंवा पीडीएफ. मोबाइलवर दोन्ही उघडतात, दोन्हींत तेच रकाने दिसतात. फरक कळतो तो महिन्याभराने, गटशिक्षणाधिकारी कार्यालयातला आकडा आणि मुख्याध्यापकांकडचा आकडा जुळेनासा झाल्यावर.

फाइल हा त्या घटकेचा फोटो. लिंकमागचा तक्ता मात्र चालू असतो, कोणीतरी त्यात रोज भर घालत असतं.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात हा फरक जास्तच जाणवतो. यूडायस प्लसची, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलची, संदर्भ तारीख 30 सप्टेंबर. शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यताही त्याच पटावर होते. पुढे दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात, ऊसतोड टोळ्या हलतात आणि त्यांच्याबरोबर मुलंही. कुठल्या शाळेत मुलं नव्याने येतात, कुठल्या गावची चार घरं कुलूपबंद होतात. डिसेंबरात तीच लिंक उघडली तर पट वेगळा दिसणारच. यात चूक कोणाचीच नाही. दोघं वेगवेगळ्या दिवसांचे आकडे हातात घेऊन भांडत असतात. म्हणून संचमान्यतेला, सहीला, दप्तरी ठेवायला फाइल हवी आणि तिच्या नावातच तारीख हवी. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल 2' ही नावं कोणालाच काही सांगत नाहीत. गैरहजर किंवा स्थलांतरित मुलांचा पाठपुरावा करायचा असेल तर मात्र लिंकच बरी, तिथे कालचा फोटो काय कामाचा?

लिंकमध्येही एक खोच आहे, फिल्टरची. समजा अक्कलकोटकडच्या कोणाला फक्त कन्नड माध्यमाच्या शाळा बघायच्या आहेत. एडिटचा अधिकार असताना त्यांनी 'माध्यम' रकान्याला साधा फिल्टर लावला, तर तो सगळ्यांनाच लागतो. मग उर्दू शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन येतो, 'आमची शाळाच गायब केली का हो?' ओळ कुठेही गेलेली नसते, फक्त झाकली जाते. अशा वेळी 'फिल्टर व्ह्यू' वापरावा. तो नाव देऊन जपून ठेवता येतो, त्याची स्वतंत्र लिंक मिळते आणि बाकीच्यांच्या पडद्यावर काहीच हलत नाही. बहुतेक सहकाऱ्यांना खरं तर हीच लिंक पाठवायला हवी, आणि तीही फक्त बघण्याच्या परवानगीने.

फाइलची खोच आकड्यांत. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, थेट एक्सेलमध्ये उघडली की लांबलचक स्टुडंट आयडी '2.02E+18' अशा ई-प्लसवाल्या रूपात दिसतो. रकाना रुंद करूनही उपयोग नाही, कारण एक्सेल 15 अंकच धरतं, पुढच्यांची शून्यं करतं. तीच फाइल सेव्ह करून पुढे पाठवली की मूळ आयडी गेलाच. आधी तो रकाना टेक्स्ट करूनच फाइल आत घ्यावी.

आता आधारचा रकाना. तो 'हाइड' केला म्हणजे सुरक्षित झाला, असं समजणारे बरेच भेटतात. शीट बघणाऱ्याने तिची कॉपी केली की लपवलेला रकाना उघडता येतो. मुलांची माहिती आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात तर 18 वर्षांखालचं प्रत्येक जण बालकच. त्यामुळे वाटायची शीट वेगळीच करावी, आधार आणि पालकांचे मोबाइल नंबर तिच्यात आणूच नयेत. एवढं करूनही काही चुकून गेलंच, तर लिंकची परवानगी निदान काढून घेता येते. फाइल एकदा दहा जणांनी उतरवली की विषय संपला.

आणि पीडीएफच काढणार असाल तर पान आडवं ठेवा. उभ्या पानात शेवटचे दोन रकाने पुढच्या पानावर जातात, आणि नेमका 'मुली' हा रकाना त्यातच असतो.