घरगुती कार्बन डायऑक्साइड यंत्रणा (वनस्पतींच्या मत्स्यालयासाठी)

जिवंत पाणवनस्पती लावलेल्या मत्स्यालयाला दाबाचा सिलिंडर विकत न घेता रिकाम्या बाटल्या, नळ्या आणि किराणा दुकानातील जिन्नस वापरून कार्बन डायऑक्साइड पुरवण्याच्या व्यवस्थेला ही संज्ञा लावतात. उघड्यावरच्या पाण्यात हा वायू हवेतून लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम विरघळतो. तळाशी गालिच्यासारख्या पसरणाऱ्या आणि लाल पानांच्या जाती जोमाने वाढाव्यात म्हणून तो २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. हायड्रिला ही पाण्यातील बायकार्बोनेटवरही भागवणारी वनस्पती असल्यामुळे खानदेशातील बोअरच्या जड पाण्यात ती एरवीही माजते. केवळ तिच्यासाठी हा खटाटोप करण्याचे कारण नाही.

सर्वांत जुनी आणि स्वस्त रीत यीस्टची आहे. शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीत सुमारे २०० ग्रॅम साखर कोमट पाण्यात विरघळवून, वर चार बोटे जागा सोडून, पाव चमचा कोरडे यीस्ट टाकतात. सातपुड्यात मोहाची फुले आंबवताना जे घडते तेच येथे घडते, फरक इतकाच की तेथे वायू सोडून देतात आणि येथे द्रव. वाढत्या अल्कोहोलमुळे यीस्ट मंदावेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते तीन आठवडे, बाटली चालते. साखरेऐवजी गूळ वापरल्यास फेस फार येतो व तो नळीतून टाकीत उतरण्याची भीती असते. म्हणून मध्ये पाण्याची दुसरी लहान बाटली ठेवणे केव्हाही चांगले.

ही कृती थंड प्रदेशांतून आली आहे, हे जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात ध्यानात येते. पारा ४५ अंशांवर गेला की बाटली पहिले तीन-चार दिवस उसळते आणि मग गप्प होते. यीस्ट निम्म्यावर आणणे, बाटली पाण्याच्या बादलीत उभी करून वर ओले गोणपाट गुंडाळणे, एवढ्याने वेग बराच आटोक्यात येतो. पौषातल्या रात्री मात्र तीच बाटली उबेला ठेवावी लागते.

म्हणून खानदेशात लिंबूसत्त्व आणि खाण्याच्या सोड्याची दोन बाटल्यांची रीत अधिक भरवशाची म्हणावी लागते. एका बाटलीत लिंबूसत्त्वाचे द्रावण आणि दुसरीत सोडा व पाणी घेतात. आम्लाची बाटली दाबली की थोडे आम्ल नळीतून सोड्यावर पडते आणि तयार झालेल्या वायूचा दाब एकदिशा झडपेतून परत आम्लाच्या बाटलीत साठतो. वायू खर्च होऊन सोड्याकडचा दाब उतरला की साठलेला दाब आणखी आम्ल आपोआप ढकलतो. दोनशे ग्रॅम सोड्यापासून शंभर ग्रॅमहून थोडा अधिक वायू मिळतो. त्याला सुमारे १५२ ग्रॅम लिंबूसत्त्व पुरते, तरी दोन्ही समसमान घेण्याचा प्रघात आहे. बाटल्या शीतपेयाच्याच हव्यात. बाटलीबंद पाण्याच्या पातळ बाटल्या फुगतात आणि काचेच्या फुटल्या तर इजा होते.

जोडणीसाठी औषधाच्या दुकानातील सलाईनचा संच सोयीचा पडतो. त्यातील थेंब मोजायच्या पारदर्शक कोठडीत अर्धे पाणी भरले की तीच बुडबुडे मोजण्याचे साधन होते आणि चाकाच्या चिमट्याने प्रवाह कमी-अधिक करता येतो. यीस्टच्या बाटलीवर मात्र हा चिमटा पूर्ण आवळू नये, कारण किण्वन थांबत नाही आणि दाब वाढतच जातो. झाकणाला पाडलेले छिद्र एम-सीलने बुजवून, साबणाचे पाणी लावून गळती तपासतात.

मात्रा किती झाली हे ४ अंश कार्बोनेट कठीणतेच्या (म्हणजे पाण्यातील बायकार्बोनेटच्या मापाच्या) द्रावणात आम्लतेनुसार रंग बदलणारे ब्रोमोथायमॉल ब्लू घालून, त्याची कुपी टाकीत टांगून पाहतात: निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे धोका. कुपीत टाकीचेच जड पाणी भरल्यास रंग फसवतो. ३० मिलिग्रॅमला सामू (पीएच) कठीणता ४ असताना ६.६ च्या आसपास येतो, तर कठीणता १२ असताना ७.१ वरच थांबतो. तो आणखी खाली ओढण्याच्या नादात मासे गमावले जातात.

अंधारात वनस्पतीही प्राणवायूच घेतात, आणि २५ अंशांना लिटरला ८.३ मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू ३५ अंशांना ७ वर येतो. त्यामुळे दिवे मालवताना वायू बंद करून हवेचा पंप लावतात. यीस्टच्या बाबतीत टाकीतली नळी बाहेर काढून ठेवतात. वीज गेलेली असताना मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर आधी ती नळी काढावी आणि मग टाकीतलेच पाणी तांब्याने उंचावरून परत ओतत राहावे.