प्रणयकादंबरी आणि प्रेमकथा: एकाच कपाटातल्या दोन वेगळ्या गोष्टी

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एखाद्या वाचनालयात पुस्तक बदलताना जरा रेंगाळलं, की प्रेमाच्या कादंबऱ्यांबद्दल दोन तक्रारी हमखास कानावर येतात. पहिली: "पाचव्या पानावरच कळलं या दोघांचं जमणार. मग पुढची दोनशे पानं कशाला वाचायची?" दुसरी: "इतकं छान चाललं होतं आणि शेवटी त्याला मारून टाकलं. आधी सांगायचं ना, नेलीच नसती." दोन्ही तक्रारी मनापासूनच्या असतात आणि दोन्हींत पुस्तकावर अन्याय होतो. पहिल्या बाईंनी प्रणयकादंबरी नेली आणि तिच्यात प्रेमकथा शोधली, दुसऱ्या बाईंचं नेमकं उलटं झालं.

फरक साधा आहे. प्रणयकादंबरी वाचकाला आधीच शब्द देते की दोघं एकत्र येणार. १९८० साली अमेरिकेत स्थापन झालेल्या 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकसंघटनेने तर व्याख्याच तशी केली आहे: प्रेमकहाणी मध्यवर्ती हवी आणि शेवट समाधानाचा, आशा देणारा हवा. प्रेमकथा असा कुठलाच शब्द देत नाही. 'देवदास' (१९१७) ही प्रेमकथा. पारोच्या दारात येऊन त्याने प्राण सोडणं तिथे शोभतं. प्रणयकादंबरीत तोच शेवट म्हणजे वाचकाची चक्क फसवणूक.

इंग्रजीत ही गल्लत कमी होते, कारण तिथे प्रकाशकाच्या नावावरूनच शेवट समजतो. 'मिल्स अँड बून' ही कंपनी १९०८ साली लंडनला सुरू झाली तेव्हा सगळ्याच प्रकारची पुस्तकं काढायची. १९३०च्या दशकात ती प्रणयकादंबऱ्यांकडे वळली आणि तेव्हा तिचं मोठं गिऱ्हाईक होतं भाड्याने पुस्तकं देणारी वाचनालयं. 'परवा नेलं होतं तसलंच द्या' म्हणणारा वाचक तिथेच तयार झाला. वाचनालयाची सवय आपल्यालाही जुनीच. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे. पण मराठीत प्रेमाची सगळी पुस्तकं 'कादंबरी' या एकाच नावाखाली एकमेकांना चिकटून उभी राहिली. आतला करार कोणता, हे मुखपृष्ठावरून कळायला मार्ग नाही.

एकच गोष्ट दोन्हीकडे नेऊन पाहू. नौपाड्यात एक तीन मजली जुनी इमारत आहे, रीडेव्हलपमेंटला निघालेली. सगळ्यांच्या सह्या झाल्यात, दुसऱ्या मजल्यावरचे काका तेवढे अडून बसलेत. त्यांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय. मुलगा ऐरोलीला नोकरी करतो. लिफ्ट नसलेल्या घरात वडील कोंडल्यासारखे झालेत, हे त्याला बघवत नाही, म्हणून त्याला सहीची घाई. काकांना व्यायाम द्यायला येणारी फिजिओथेरपिस्ट मात्र काकांच्या बाजूने. भिंत धरून बाथरूमपर्यंत जायला जेमतेम शिकलेला माणूस दोन-तीन वर्षं परक्या घरात नेऊन टाकला तर पुन्हा अंथरूण धरेल, हे तिचं म्हणणं. दोघांचंही बरोबर आहे, आणि दोघं एकमेकांच्या प्रेमात पडताहेत.

प्रणयकादंबरीत आपल्याला पहिल्या भेटीतच कळतं की हे लग्न होणार. वाचायचं ते कसं होणार यासाठी. एके दिवशी काकांना खाली न्यायचं ठरतं. ती पुढे, तो मागे, प्रत्येक पायरीला थांबत. पहिल्या मजल्याच्या वळणावर काका मटकन बसतात. वरही जाववत नाही, खालीही उतरवत नाही. इमारतीने या माणसाला खरोखरच कोंडलंय, हे तिला दिसतं. आणि त्याच पायरीवर मुलगा पहिल्यांदा विचारतो, "बाबा, तुम्हाला काय हवंय?" सही होते, पण काकांच्या अटीवर: भाड्याचं घर याच गल्लीत, तळमजल्यावर. दोघांचं जमतं ते एकेकाने आपलं अर्धं म्हणणं सोडल्यामुळे. शेवट ठाऊक असल्याने आपलं लक्ष पुढे धावत नाही, त्या पायऱ्यांवर टिकतं. या प्रकाराचं खरं बळ मला इथे दिसतं.

प्रेमकथेत जिना तोच, वळण तेच. पण मुलाची बदली हैदराबादला होते, काका घरातच वारतात, तिचे पेशंट बदलतात. काही वर्षांनी त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये ती लिफ्टने दुसऱ्याच कुणाकडे जाते आणि पेशंटच्या मुलाला सवयीने विचारते, "त्यांना विचारलंत का?" ते प्रेम तिच्या कामात उरलं आहे. प्रेमाने या माणसांचं काय केलं, हे प्रेमकथा सांगते. जमलं की नाही, ही तिच्या दृष्टीने दुय्यम बाब.

प्रणयकादंबरी निराश करते ती शेवटामुळे क्वचितच. तिचा घात होतो मधल्या अडथळ्यात. वरच्याच गोष्टीत समजा मुलाने तिला तलावपाळीवर कुणा तरुणासोबत भेळ खाताना पाहिलं, रागाने फोन उचलणं बंद केलं, आणि ऐंशी पानांनी कळलं की तो तिचा मामेभाऊ होता. एका फोनने मिटणारा गैरसमज म्हणजे लेखकाने वेळ काढणं. (मराठी कादंबऱ्यांतल्या मामेभावांनी आजवर किती लग्नं लांबवली असतील!) फोनवर भागाभागाने येणाऱ्या कथांमध्ये तर हे फार बोकाळलंय. रोज एक भाग टाकायचा, वाचकाला अडकवून ठेवायचं, म्हणून गैरसमजावर गैरसमज. दिलेला शब्द पुढे ढकलला जातो आणि पुष्कळदा कथा अर्धवटच सुटते. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत ठाण्याहून वाशीला जाताना बायका या कथा किती तन्मयतेने वाचतात ते मी पाहते. त्यांना याहून चांगलं मिळायला हवं.

दुसरी निराशा मला जास्त टोचते. नायकाचा उद्धटपणा प्रेमाच्या नावाखाली खपवला जातो. तो तिचं मनगट आवळतो, ती कुणाशी बोलली याचा हिशेब मागतो, नको म्हटलं तरी ऑफिसच्या दाराशी उभा राहतो, आणि शेवटच्या प्रकरणात ती म्हणते की याला माझी किती काळजी. शेवट गोड असायलाच हवा या अटीमुळे नायकाने बदलल्याशिवाय सुटका नाही, पण आळशी लेखक त्याला न बदलताच बक्षीस देतो. तिसरी खोट म्हणजे नायिकेची नोकरी. सुरुवातीला ती डॉक्टर, आर्किटेक्ट, काहीही असते. पन्नासाव्या पानानंतर ती कामावर जाताना दिसतच नाही.

इतकं असूनही मी प्रणयकादंबरीची बाजू घेते. बाईला काय हवंय, हा प्रश्न पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मध्यभागी ठेवणारा दुसरा लोकप्रिय प्रकार दाखवा. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने १९८४ साली अशा कादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्या बायका सांगतात की वाचत बसणं हाच आपला स्वतःसाठी काढलेला वेळ असतो, घरच्यांच्या मागण्यांतून तेवढी सुटका मिळते. सबंध दिवस इतरांची काळजी घेणाऱ्या बाईला, जिची काळजी घेतली जाते अशी नायिका वाचावीशी वाटली तर त्यात हलकं काय आहे?

आपल्याकडे प्रणय म्हटलं की नाक मुरडणारे त्याची आणखी एका गोष्टीशी गल्लत करतात: अश्लीलतेशी. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरलं. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं.

प्रेमकथेचं अपयश वेगळं आणि ते सहसा माफ केलं जातं. शेवटच्या वीस पानांत अचानक आजार उपटतो किंवा घाटात गाडी कोसळते, आणि वाचक रडला म्हणून पुस्तक खोल ठरतं. गोड शेवटाला आपण सोपा म्हणतो, पण आधीच्या पानांत काहीही न पेरता केलेला मृत्यू त्याहून सोपा असतो. त्यातून मरते ती बहुधा बाई, किंवा त्याग तरी तीच करते, आणि दुःख मात्र पुरुषाचं सांगितलं जातं.

मराठीत दोन्ही प्रकारांनी खरे अडथळे फारसे हाताळले नाहीत, हे मला सतत जाणवतं. जात आडनावावरून कळते, पण पात्रं तिच्याबद्दल बोलत नाहीत. पागडी, गृहकर्ज, दोन खोल्यांत सासूसासरे आणि दीर, हे दारातच राहतं. एक अडथळा तर कायद्यानेच मांडून ठेवलाय. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते आणि आक्षेप घ्यायला ३० दिवस असतात. घरी न सांगता निघालेल्या जोडप्यासाठी ते ३० दिवस म्हणजे रोजची धाकधूक. कुणी ओळखीचं तिथे गेलं तर? नाव वाचलं तर? इथे गैरसमज रचायची गरजच नाही.

यावर प्रेमकथा लिहिली तर ती बहुधा एकविसाव्या दिवशी मोडेल, आणि तीही खरीच असेल. पण तसे शेवट आपण वर्तमानपत्रात वाचतोच. म्हणून मला आधी प्रणयकादंबरी हवी आहे: ते दोघं एकतिसाव्या दिवशी कार्यालयात पोचणार याची हमी देणारी, आणि मधला एकही दिवस न गाळणारी. ती कुठल्या मैत्रिणीकडे राहिली, त्याने ऑफिसात काय कारण सांगितलं, भांडण कशावरून झालं आणि कोण आधी बोललं. या लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोन मित्र मिळतील. तिसरा कोण, हे वाचायला मी ती तीनशे पानं आनंदाने वाचेन.