सब-पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग जोडायचे नसते

तळघरातल्या वर्कशॉपसाठी सब-पॅनेल (मुख्य पॅनेलवरून सप्लाय घेणारे दुसरे पॅनेल) बसवताना एक सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो: “न्यूट्रल आणि अर्थिंग शेवटी एकच, इथेही जोडून टाका.” हे चूक आहे, आणि धोक्याचेही.

सप्लायच्या बाजूला, ट्रान्सफॉर्मरपाशी किंवा मुख्य पॅनेलमध्ये, दोन्ही जोडलेली असतात हे खरे. पण पुढे त्यांची कामे वेगळी. न्यूट्रलमधून करंट कायम परत जातो. अर्थिंगमधून तो फक्त फॉल्ट झाल्यावर, म्हणजे चालू वायर यंत्राच्या बॉडीला टेकल्यावर, जायला हवा. सब-पॅनेलमध्ये दोन्ही जोडली की परतीचा करंट दोन्ही वाटांनी वाहतो. फीडरचा, म्हणजे मुख्य पॅनेलमधून इथे येणाऱ्या केबलचा, न्यूट्रल ढिला होऊन सुटला, तर करवतीचा सगळा करंट अर्थिंगवर येतो, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या बॉडीला जोडलेल्या वायरवर. यंत्र चालूच राहते, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. मागे आरसीसीबी (करंट गळतो आहे हे ओळखून सप्लाय तोडणारा स्विच) असेल तर ती ट्रिप होते. लोक तिलाच दोष देऊन काढून टाकतात, हे सर्वांत वाईट.

बऱ्याच पॅनेलांत न्यूट्रलची पट्टी पेटीच्या पत्र्याला, म्हणजेच अर्थिंगला, जोडणारा स्क्रू असतो. सब-पॅनेलमध्ये तो काढायलाच हवा.

नुसता अर्थिंग रॉड ठोकूनही भागत नाही. रॉडचा रोध 25 ओहम असेल, तर फॉल्ट झाल्यावर 230 व्होल्टला जेमतेम 9 अँपिअर वाहतात. 16 अँपिअरची एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप बंद होणारा स्विच) तेवढ्याने पडत नाही. फीडरसोबत स्वतंत्र अर्थिंग वायर आणावीच लागते. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि सप्लाय बंद ठेवून, फीडरचा न्यूट्रल सुटा करून, पट्टी पत्र्यापासून वेगळी असल्याचे मल्टिमीटरवर दाखवायला सांगा.