सत्तरीतील रानवाटांची भ्रमंती

गोव्याच्या ईशान्येस, सह्याद्रीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत पसरलेल्या सत्तरी तालुक्यात स्थानिक वाटाड्यासोबत केली जाणारी पायी सहल. वाळपई हे तालुक्याचे ठिकाण. तिथून केरी, ठाणे, चरावणे, नगरगाव, बांबर अशा गावांकडे रस्ते फुटतात आणि शेवटच्या वाड्याशी डांबर संपले की चालणे सुरू होते. कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेची पाणंद, ओहोळ, मग रान आणि वर सडा म्हणजे कातळाचे उघडे पठार, असा वाटेचा साधारण क्रम. गोव्यातील सर्वांत उंच शिखर सोसोगड (सु. १,१६६ मी.) याच तालुक्यात असले, तरी या भ्रमंतीत उंची गाठण्याला फारसे महत्त्व नाही. वाटाड्याला मात्र फार आहे. इथल्या बहुतेक खुणांपाशी पाटी नाही. दगड कोणाचा, झाड कोणत्या देवाचे, पाणी कुठून येते, हे गावच्या माणसानेच सांगावे लागते.

कर्नाटकात देगावजवळ उगम पावलेली म्हादई सत्तरीतून वाहत जाऊन पुढे मांडवी म्हणून समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यातील सु. २०८ चौ. किमी. क्षेत्र १९९९ मध्ये म्हादई अभयारण्य म्हणून घोषित झाले. चोर्ला घाटमाथ्यावरच्या सुर्ला गावाजवळून पावसाळ्यात ‘लाडक्याचो वझर’ हा धबधबा दिसतो. त्या दिवसांत जांभ्या दगडाच्या सड्यावर बोटभर मातीचा थरही नसतो, तरी सगळा माळ फुलतो. सीतेची आसवे ही निळी-जांभळी वनस्पती आणि पानांवर चिकट थेंब धरणारा दवबिंदू या दोन्ही इथे आढळतात. नि:सत्त्व मातीत जे मिळत नाही ते त्या किडे पकडून मिळवतात. जाणता वाटाड्या इथे लोकांना उघड्या कातळावरूनच चालवतो, कारण गवतातले एक पाऊल अशा शेकडो रोपांवर पडते.

या भ्रमंतीचा सर्वांत समृद्ध भाग देवरायांचा. बांबर येथील निरंकाराची राय (देवराई) त्यांत अग्रगण्य. झाडी दाट, उजेड हिरवट आणि पायाखाली बारमाही गोड्या पाण्याची दलदल. त्या चिखलातून रानजायफळाच्या झाडांची मुळे वाकवलेल्या गुडघ्यासारखी वर येतात आणि पुन्हा आत शिरतात. चिखलात हवा नसते म्हणून मुळांनी श्वास घेण्यासाठी काढलेली ही सोय. गोड्या पाण्यातील अशा दलदली पश्चिम घाटात मोजक्याच उरल्या आहेत. ही राय टिकली ती देवाच्या धाकाने आणि मायेने. कायदा फार नंतर आला. रायीतली काटकी न मोडणे, वहाणा बाहेर काढणे हे नेम अनेक गावांत आजही पाळतात. वारुळाच्या रूपात पुजली जाणारी सातेरी देवी गावोगावी भेटते. केरी येथील विवेकानंद पर्यावरण जागृती फौज ही संस्था आणि पर्यावरण अभ्यासक राजेंद्र केरकर यांनी हे रान, त्यातल्या राया आणि लोकपरंपरा लोकांसमोर आणण्याचे मोलाचे काम केले आहे.

इतिहासही वाटेवरच उभा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सत्तरी पोर्तुगीज अमलात, ‘नव्या काबिजादीं’त म्हणजे त्यांनी मागाहून जिंकलेल्या मुलखात आली. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता, म्हणून इथली जुनी देवळे, वीरगळ आणि गजलक्ष्मीच्या शिळा जागच्या जागी राहिल्या. ब्रह्मकरमळीचे ब्रह्मदेवाचे देऊळ त्यांपैकी एक. १८५२ मध्ये सत्तरीच्या राणे सरदार घराण्यातील दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेऊन बंड पुकारले आणि ते १८५५ पर्यंत चालले. १८९५ मध्ये मोझांबिक या आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतीत जाण्यास नकार देणाऱ्या, पोर्तुगीज सैन्यातील मराठा शिपायांच्या उठावाला त्याच घराण्यातील दादा राणे यांची साथ मिळाली. बंडवाल्यांचा आसरा हेच रान होते, हे घाटाच्या चोरवाटा चालताना नीट उमगते. दक्षिणेकडे, तालुक्याच्या हद्दीबाहेर, तांबडी सुर्लाचे कदंबकालीन महादेव मंदिर पाहण्याचा प्रघात आहे. आजूबाजूला जांभा असताना ते बाराव्या-तेराव्या शतकात काळ्या पाषाणात उभारले गेले.

अभयारण्यात शिरण्यास वन खात्याची परवानगी लागते. पावसाळ्यात धबधब्यांच्या वाटा वेळोवेळी बंद केल्या जातात आणि ते योग्यच आहे; वर घाटात पाऊस झाला की खाली ओहोळ पाहता पाहता चढतो. २०१५ पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा रोग गोचिडीच्या चाव्याने होतो आणि त्याचा जोर साधारण जानेवारी ते मे, म्हणजे काजूच्या हंगामातच असतो. त्या काळात अंगभर कपडे घालावेत, पाचोळ्यावर बसू नये आणि मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे. ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने चालण्यास सर्वांत चांगले.

जानेवारी २०२० मध्ये याच अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मारले गेले. गुरे गमावणारा गावकरी आणि वाघ यांच्यातला हा ताण जुना आहे. वाटाड्याचे मानधन आणि जेवणाचे पैसे रानाकाठच्या घरांतच राहिले, तर उभ्या रानाचा गावाला रोकडा उपयोग होतो. म्हणून शहरातून मार्गदर्शक घेऊन येण्यापेक्षा वाडीवरचा माणूस सोबत घ्यावा.