घरी ध्वजस्तंभ उभारताना: परवानगी कुणाची, कागद कोणते, खांब कसा

ऑगस्ट जवळ आला की नाशिकमध्ये हा प्रश्न हमखास येतो: घरावर तिरंगा लावायला परवानगी लागते का? नाही. भारतीय ध्वजसंहिता 2002 प्रमाणे कोणीही नागरिक, वर्षातल्या कुठल्याही दिवशी, मान राखून ध्वज फडकवू शकतो. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा हक्क मान्य केला. जुलै 2022 च्या दुरुस्तीनंतर तो घरावर रात्रंदिवस ठेवता येतो. अर्ज लागतो तो खांबाच्या जागेसाठी, म्हणजे जागा ज्याची, त्याच्याकडे.

स्वतःचा बंगला असेल आणि खांब कुंपणाच्या आत बसत असेल, तर ध्वजासाठी कुठलाच कागद नको. खांब फार उंच असेल किंवा मोठं काँक्रीटचं काम निघत असेल, तर महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात आधी विचारून घ्या. देवळाली कॅम्पात कँटोन्मेंट बोर्डाकडे जावं लागेल. फुटपाथवर खड्डा खणू नका. भाडेकरूंनी घरमालकाची लेखी संमती घ्यावी.

खरी गुंतागुंत सोसायटीत होते. गच्ची सर्वांची असते, म्हणून सचिवांच्या नावे अर्ज द्या. त्यात खांबाची उंची, जागा, बसवण्याची पद्धत, कारागीर कोण आणि पुढे देखभाल कोण करणार हे लिहा. सोबत हाताने काढलेला साधा नकाशा आणि भागपत्राची (शेअर सर्टिफिकेटची) झेरॉक्स जोडा. पोच घ्या, कमिटीच्या ठरावाची प्रत मागा. आमच्या सोसायटीत सगळं तोंडी ठरलं. कारागिराने स्लॅबमध्येच बोल्ट मारले आणि पहिल्याच पावसात वरच्या मजल्याच्या छताला ओल धरली. वॉटरप्रूफिंग फोडू नका; खांब कठड्याच्या भिंतीला क्लॅम्पने धरा.

घरासाठी 10 ते 12 फुटांचा खांब आणि 900 बाय 600 मिलिमीटरचा ध्वज ही जोडी शोभते. लांबी-रुंदीचं प्रमाण 3:2 च हवं. जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) स्वस्त पडतो, पण वेल्डिंगच्या जागी रंग गेला की गंज धरतो. परवडत असेल तर स्टेनलेस स्टील घ्या. अंबड-सातपूर या औद्योगिक भागातले फॅब्रिकेटर मापाप्रमाणे करून देतात. कप्पी आणि नायलॉनची दोरी चांगल्या प्रतीची घ्या, वाऱ्यात आधी तीच तुटते. विजेच्या तारांपासून लांब राहा. खांब आडवा पडला तरी तारेला लागता कामा नये, एवढं अंतर ठेवा. लोखंडी खांबाला अर्थिंगही करून घ्या.

बाल्कनीतून तिरकी काठी लावणार असाल तर केशरी पट्टा काठीच्या बाहेरच्या टोकाकडे येतो. त्याच काठीवर दुसरा झेंडा लावू नये, शेजारी त्याहून उंचही नको. ध्वज फाटला किंवा विटला तर लगेच उतरवा. तो एकांतात, पूर्णपणे आणि सन्मानाने नष्ट करायचा, शक्यतो जाळून. अवमानाला 1971 च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहेत.

पहिल्यांदा फडकवण्याआधी आदल्या दिवशी रिकामी दोरी दोन-तीनदा वरखाली ओढून बघा. ध्वज चढवायचा झपाट्याने आणि उतरवायचा सावकाश. दोरी अडकत असेल तर दोन्ही जमत नाही.